चारी बाजू मोजल्या, तरी गुंठे का चुकतात? जमीन मोजणीमागची शाळेतली भूमिती

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, दौंडमधून पुणे-सोलापूर. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कुरकुंभची. मधे भीमेच्या काठाने उसाचा पट्टा. अशा भागात जमिनीचा सौदा गुंठ्यांवर होतो आणि दोन-तीन गुंठ्यांचा फरक म्हणजे मोठी रक्कम असते. भावाभावांच्या वाटणीत तेवढ्या फरकावरून बोलणे बंद होते.

हा फरक दर वेळी कोणाच्या लबाडीमुळे पडतो असे नाही. बऱ्याचदा तो हिशोबाच्या पद्धतीतच असतो. टेप घेऊन शेताच्या चारी बाजू मोजायच्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही पद्धत गावोगाव चालते आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतही सांगितली जाते. ती नेमकी कुठे चुकते, हे समजायला आठवी ते दहावीची भूमिती पुरते.

आधी मापे

- १ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौरस फूट = सुमारे १०१.१७ चौरस मीटर
- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौरस फूट
- १ आर = १०० चौरस मीटर = सुमारे १,०७६ चौरस फूट
- १ हेक्टर = १०० आर = १०,००० चौरस मीटर = सुमारे २.४७ एकर

गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असले तरी एक नाहीत. गुंठा थोडा मोठा आहे. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. म्हणजे ०.१९.४४ हा आकडा ० हेक्टर, १९ आर, ४४ चौरस मीटर असा वाचायचा.

खुणेचा दगड हा बिंदू, बांध हा रेषाखंड

भूमितीत बिंदूला लांबी-रुंदी नसते, फक्त जागा असते. शेताचा कोपरा हा असा बिंदू आहे. हद्दीचा दगड त्या बिंदूची खूण आहे. दगड हलवला म्हणून बिंदू हलत नाही, तो कागदावरच्या मोजमापांतून पुन्हा शोधता येतो. हद्द कायम मोजणीत हेच काम केले जाते.

दोन कोपऱ्यांना जोडणारी सरळ हद्द म्हणजे रेषाखंड. रेषेला शेवट नसतो, रेषाखंडाला दोन टोके असतात आणि त्यामुळेच त्याची लांबी मोजता येते. इथे एक अट महत्त्वाची आहे. मधले सगळे बिंदू एकाच सरळ रेषेत, म्हणजे एकरेषीय असले पाहिजेत. टेप झुडपाला वळसा घालून गेली किंवा बांधाच्या पोटाला धरून वाकली, तर मोजलेली लांबी खऱ्या रेषाखंडापेक्षा जास्तच भरते. म्हणून मोजणीत दोन टोकांच्या मधे झेंडी लावलेल्या काठ्या एका नजरेत उभ्या करतात.

प्रत्यक्षातला बांध मात्र दोन-चार फूट रुंद असतो. हद्द म्हणजे त्या रुंद पट्ट्यातली बिनरुंदीची रेषा. ती कुठून जाते यावर एकमत नसले की बांध कोरण्याचे वाद सुरू होतात.

कोन विसरला की क्षेत्र बदलते

एक तुकडा घेऊ. त्याच्या चारही बाजू १६५ फूट, म्हणजे ३३ फुटांच्या ५ साखळ्या. चारही कोपऱ्यांत ९० अंशांचा काटकोन असेल तर तो चौरस आहे आणि क्षेत्र ५ × ५ = २५ गुंठे.

आता त्याच चार बाजू ठेवून तुकडा तिरपा झाला असे समजा. एका कोपऱ्यातला कोन ९० ऐवजी ६० अंश आहे. बाजू अजूनही १६५ फूटच आहेत, पण आकार समभुज चौकोनाचा झाला. त्याचे क्षेत्र भरते सुमारे २१.६५ गुंठे. टेप दोन्ही ठिकाणी तेच आकडे दाखवते आणि जमीन मात्र ३.३५ गुंठ्यांनी कमी असते.

हे का होते ते बाजेवर पाहता येते. चार लाकडांची बाज एका कोपऱ्यातून ढकलली की तिरपी होते. लाकडांची लांबी बदलत नाही, मधली जागा बदलते. तीन लाकडांचा त्रिकोण मात्र असा ढकलता येत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण असतात ते याच कारणाने. पाठ्यपुस्तकातली ‘बाबाबा कसोटी’ हेच सांगते: तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोण ठरला, कोन वेगळे सांगावे लागत नाहीत. चौकोनाला अशी सोय नाही. चार बाजूंशिवाय आणखी एक माप लागते, एखादा कोन किंवा एक कर्ण.

सरासरीच्या गुणाकारात नेमके काय होते?

शेते सहसा चौरस किंवा समभुज नसतात. म्हणून वाकड्या आकाराचे एक उदाहरण घेऊ. कोपरे अ, ब, क, ड असे ओळीने. मापे मीटरमध्ये:

- अ-ब बाजू: ६०
- ब-क बाजू: ३९
- क-ड बाजू: ४८
- ड-अ बाजू: ४५

सरासरीची पद्धत वापरली तर ६० आणि ४८ यांची सरासरी ५४, ३९ आणि ४५ यांची सरासरी ४२. गुणाकार ५४ × ४२ = २,२६८ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २२.४ गुंठे.

समजा, या तुकड्याच्या अ-ब आणि क-ड बाजू समांतर आहेत आणि त्यांच्यातले लंब अंतर ३६ मीटर आहे. मग हा समलंब चौकोन झाला. त्याचे क्षेत्र म्हणजे समांतर बाजूंची सरासरी गुणिले लंब अंतर: ५४ × ३६ = १,९४४ चौरस मीटर. हे होतात १९.४४ आर, म्हणजे सुमारे १९.२ गुंठे.

दोन उत्तरांत ३२४ चौरस मीटरचा, म्हणजे ३.२ गुंठ्यांचा फरक आहे. खऱ्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश इतका. चूक एकाच जागी झाली: दोन समांतर बांधांमधले सरळ अंतर ३६ असताना तिरप्या बांधांची लांबी ३९ आणि ४५ गुणाकारात घेतली गेली.

ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते. सरासरीचा गुणाकार खऱ्या क्षेत्रापेक्षा कधीच कमी येत नाही. आयत किंवा चौरस असेल तरच तो बरोबर येतो, एरवी जास्त. म्हणजे या पद्धतीने घेणाऱ्याच्या खिशातून नसलेल्या जमिनीचे पैसे जातात. वाटणीत ज्याच्या वाट्याला तिरपा तुकडा येतो, त्याला कागदावर जेवढी दिसते त्यापेक्षा कमी जमीन मिळते.

ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांना हे ठाऊक होते

सरासरीची पद्धत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात समोरासमोरच्या बाजूंच्या अर्ध्या बेरजांचा गुणाकार सांगितला, पण तो स्थूल म्हणजे ढोबळ क्षेत्र म्हणून. सूक्ष्म क्षेत्रासाठी त्यांनी वेगळे सूत्र दिले, जे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येणाऱ्या चौकोनाला लागू पडते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’मध्ये आणखी पुढचा मुद्दा मांडला. बाजू त्याच असल्या तरी चौकोनाचे कर्ण वेगवेगळे असू शकतात, म्हणून क्षेत्रही वेगवेगळे येते. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आणि उत्तर देणाऱ्यालाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाचा शिलालेख आजही अभ्यासला जातो.

उपाय एका कर्णाचा

शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. आणि त्रिकोण तीन बाजूंनी पक्का ठरतो.

वरच्या तुकड्यात अ ते क हा कर्ण ८३.१९ मीटर भरतो. या कर्णावर ब मधून टाकलेला लंब २५.९६ मीटर आणि ड मधून टाकलेला लंब २०.७७ मीटर. दोन लंबांची बेरीज ४६.७३. कर्ण गुणिले लंबांची बेरीज, भागिले २ केले की ८३.१९ × ४६.७३ ÷ २ = सुमारे १,९४४ चौरस मीटर येतात. उत्तर जुळले.

लंब टाकणे जमत नसेल तर हेरॉनचे सूत्र वापरता येते. त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज करून तिचे अर्धे करायचे. त्या अर्ध्यातून प्रत्येक बाजू वजा करायची. अर्धी बेरीज आणि तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. दोन्ही त्रिकोणांचे क्षेत्र असे काढून मिळवले की झाले. मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर एवढ्याला पुरतो.

गवंडी घराची आखणी करताना हीच काळजी घेतात. गुण्या लावून काटकोन धरला तरी दोन्ही कर्ण दोरीने मोजून पाहतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे असतील तर तो आयत. ३० फूट × ४० फूट प्लॉटचा कर्ण बरोबर ५० फूट आला पाहिजे, कारण ३० चा वर्ग ९००, ४० चा वर्ग १,६००, बेरीज २,५०० आणि तिचे वर्गमूळ ५०. हे पायथागोरसचे प्रमेय आहे. कर्ण ४९ किंवा ५१ आला तर कोपरा काटकोनात नाही, मग बाजू कितीही बरोबर असोत.

शंकू-साखळीपासून रोव्हरपर्यंत

मुंबई इलाख्यात शेतवार मोजणी आणि आकारणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली, तिची सुरुवात दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातून झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेली ही आकारणी १८३६ मध्ये तिथे लागू झाली.

त्या काळची हत्यारे म्हणजे साखळी आणि शंकू. ३३ फुटांची साखळी १६ आण्यांत विभागलेली असे. साखळी लांबी मोजायची आणि शंकू काटकोन द्यायचा. शेतातून एक लांब पायारेषा धरायची, बहुधा कर्णाच्या दिशेने, आणि प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाकायचा. शेत काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोनांत वाटले जाई. ही मापे टिपणात लिहिली जात आणि क्षेत्राचा हिशोब गुणाकार बुकात. भास्कराचार्यांनी मागितलेला कर्ण आणि लंब जुन्या टिपणात असे दोन्ही सापडतात.

पुढे फलक यंत्र आले. तिपाईवर ठेवलेल्या फळीवर कागद लावून जागेवरच दिशा आखायच्या आणि नकाशा तयार करायचा. त्यानंतर आले ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन. हे यंत्र एका जागी उभे राहून समोरच्या कोपऱ्याचे अंतर आणि कोन दोन्ही मोजते. आता उपग्रहांवर चालणारे रोव्हर वापरले जातात. काठीवर बसवलेला रोव्हर कोपऱ्यावर टेकवायचा, तो त्या बिंदूचे निर्देशक नोंदवतो.

निर्देशक म्हणजे कोपऱ्याचा पत्ता

निर्देशक भूमितीत प्रत्येक बिंदूला दोन संख्या असतात. पहिली आरंभबिंदूपासून आडवे अंतर सांगते, दुसरी उभे. वरच्या तुकड्यात अ हा आरंभबिंदू आणि अ-ब हा आडवा अक्ष धरला तर कोपरे असे येतात:

- अ (०, ०)
- ब (६०, ०)
- क (७५, ३६)
- ड (२७, ३६)

अंतराच्या सूत्राने कोणतीही बाजू तपासता येते. ब ते क: आडवा फरक १५, उभा फरक ३६. १५ चा वर्ग २२५, ३६ चा वर्ग १,२९६, बेरीज १,५२१, वर्गमूळ ३९. टेपनेही ३९ च आले होते.

ईटीएस कोनावरून निर्देशक कसे काढते तेही इथे दिसते. अ वर उभे राहिल्यावर ड ४५ मीटरवर आणि अ-ब पासून ५३.१३ अंशांवर दिसतो. ४५ ला त्या कोनाच्या कोसाइनने गुणले की २७ आणि साइनने गुणले की ३६. म्हणजे ड चे निर्देशक (२७, ३६).

क्षेत्रही थेट निर्देशकांवरून निघते. कोपरे क्रमाने घ्यायचे. पहिल्याचा आडवा गुणिले पुढच्याचा उभा, त्यातून पुढच्याचा आडवा गुणिले पहिल्याचा उभा वजा करायचा. असे शेवटच्या कोपऱ्यापासून पुन्हा पहिल्यापर्यंत यायचे. इथे अ-ब साठी ०, ब-क साठी २,१६०, क-ड साठी १,७२८, ड-अ साठी ०. बेरीज ३,८८८ आणि तिचे अर्धे १,९४४. पाच, सात किंवा वीस कोपऱ्यांच्या शेतालाही हीच रीत चालते.

कोनांची बेरीजही पडताळणीला उपयोगी पडते. या तुकड्याचे चार आंतरकोन ५३.१३, ११२.६२, ६७.३८ आणि १२६.८७ अंश आहेत. बेरीज ३६०. ती वेगळी आली तर एखादे माप चुकले आहे. शिवाय अ आणि ड यांची बेरीज १८० येते, तशीच ब आणि क यांचीही. समांतर रेषांच्या धड्यातला आंतरकोनांचा गुणधर्म तो हाच.

शिरूर ते दौंड: अंशांचे किलोमीटर कसे होतात?

मोबाइल निर्देशक देतो ते अक्षांश आणि रेखांशात. शिरूर साधारण १८.८३ उत्तर, ७४.३८ पूर्व. दौंड साधारण १८.४६ उत्तर, ७४.५८ पूर्व. अक्षांशात ०.३७ अंशाचा फरक, रेखांशात ०.२० चा.

हे आकडे थेट अंतराच्या सूत्रात टाकता येत नाहीत, कारण दोन्ही अंश सारख्या लांबीचे नाहीत. इथे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर आहे. रेखांश मात्र ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.५ किलोमीटरच भरतो. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक ४१ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम फरक २१ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ४६ किलोमीटर येते. हे सरळ रेषेतले अंतर. भीमेवरचे पूल आणि वाटेतली गावे घेत जाणारा रस्ता त्याहून लांब पडतो.

मोबाइल ॲपने शेत मोजले तर?

अक्षांशाच्या पाचव्या दशांश स्थळाचा एक अंक म्हणजे सुमारे १.१ मीटर. ॲप सहा-सात दशांश स्थळे दाखवते म्हणून माप तेवढे अचूक आहे असे नाही. साध्या मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही ३ ते ५ मीटर इकडे-तिकडे दाखवू शकतो. झाडाखाली किंवा भिंतीलगत चूक आणखी वाढते.

वरच्या तुकड्याची एक लांब हद्द जरी ३ मीटर आत सरकली, तरी सुमारे १६० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठ्याहून जास्त फरक पडतो. ठिबकच्या नळ्यांचा किंवा बियाण्याचा अंदाज घ्यायला ॲप चालेल. बांधाचा वाद किंवा खरेदी त्यावर ठरवू नये. मोजणीचा रोव्हर याच उपग्रहांचे संकेत घेतो, पण जागा पक्की माहीत असलेल्या कॉर्स स्थानकांकडून त्याला दुरुस्ती मिळते. त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*उतारावरच्या जमिनीचे क्षेत्र कसे धरतात?*
सपाटीवर. टेप उतारावर टाकून मोजली तर लांबी जास्त येते. १० अंशांच्या उतारावर १०० मीटर मोजले तर सपाटीवरचे अंतर ९८.५ मीटरच असते. म्हणून टेप आडवी ताणून, टप्प्याटप्प्याने मोजतात.

*बांध वाकडा किंवा ओढ्याकाठचा असेल तर?*
वळणाच्या प्रत्येक ठिकाणी एक बिंदू घ्यायचा. बिंदू जितके जवळ, तितके छोटे रेषाखंड आणि तितके क्षेत्र खऱ्याच्या जवळ.

*त्रिकोणी तुकड्याला कर्ण लागतो का?*
नाही. तीन बाजू मोजून हेरॉनचे सूत्र लावले की पुरे.

*टेपने चारी बाजू आणि कर्ण मोजला, तर सरकारी मोजणीची गरज उरते का?*
उरते. अशा मोजणीने तुकड्याचा आकार आणि क्षेत्र कळते. तो तुकडा नेमका कुठे आहे, म्हणजे गट नकाशातली हद्द जमिनीवर कुठून जाते, हे कळत नाही. शेजाऱ्याच्या बाजूला दोन मीटर सरकलेल्या शेताचेही क्षेत्र बरोबर भरू शकते. हद्द ठरवण्यासाठी तालुक्याच्या उप अधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. मोजणीनंतर अर्जदाराला नकाशाची ‘क’ प्रत मिळते.

*खरेदीआधी स्वतः काय तपासावे?*
सातबारावरचे क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये नीट वाचावे आणि गट नकाशातला आकार पाहावा. जागेवर चार बाजूंबरोबर किमान एक कर्ण मोजावा, जमल्यास दोन्ही. दोन त्रिकोणांचे क्षेत्र मिळवून ते सातबाराशी ताडून पाहावे. फरक मोठा असेल तर इसार देण्याआधी सरकारी मोजणी करून घ्यावी.